महाजालाचा कानोसा

कोणत्याही समाजाच्या इतिहासाची साधने चाळू लागले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की, ज्यांच्या हाती सत्ता, संपत्ती अथवा विद्या होती त्यांचे शब्द कागदावर टिकून राहिले, आणि बाजारात, पाणवठ्यावर, धर्मशाळेच्या ओसरीवर जे अहोरात्र बोलले जात होते ते जागच्या जागी विरून गेले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांमागून रुमाल भरून ठेवलेले कागद आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली 1930 नंतरच्या काही वर्षांत त्यांतील निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध झाले. परंतु सनदा, हिशेब, मसलती आणि पत्रव्यवहार यांनी भरलेल्या त्या अफाट संग्रहातही शनिवारवाड्यावरून जाणारा एखादा सामान्य इसम आपल्या सोबत्याशी काय बोलत होता, याचा थांग सहसा लागत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंटरनेट हे प्रयोगशाळा आणि विद्यापीठे यांच्या आवाराबाहेर पडून सामान्य घरांत शिरले, आणि या स्थितीत पालट होऊ लागला. लोक टंकून गप्पा मारू लागले, आणि टंकलेली गप्प, बोलणाऱ्याच्या मनात असो वा नसो, लेखी दस्तऐवज होऊन बसते.

या लेखी कुजबुजीचे काय करावे, हा प्रश्न व्यापाऱ्यांना आणि सरकारांना पडला तसा काही कलावंतांनाही पडला, आणि त्यांच्या उत्तरांतून मांडणशिल्पांचा एक नवाच प्रकार उदयास आला. या मांडणशिल्पांची सामग्री म्हणजे लोकांनी इंटरनेटवर आपण होऊन टाकलेले शब्द, छायाचित्रे आणि चित्रफिती. अशा कलाकृतींना लोकप्रिय संस्कृतीचा आरसा म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो प्रघात सोयीचा असला तरी फसवा आहे. कारण आरसा समोर येईल ते सगळे दाखवितो, आणि इंटरनेटवर समोर येईल ते सगळे दाखवू पाहणाऱ्याच्या पदरी गोंगाटापलीकडे काही पडत नाही. या कलेचे मर्म निवडीच्या नियमात आहे. अपरंपार मजकुरातून काय उचलावे आणि काय सोडावे, यासंबंधी कलावंत स्वतःवर जो निर्बंध घालून घेतो, त्याच्या काटेकोरपणावर कलाकृतीचे बरेवाईट ठरते, असे या प्रकरणाचे प्रतिपादन आहे. ते काही प्रत्यक्ष कृतींवर घासून पाहू.

या क्षेत्रातील अग्रपूजेचा मान ‘लिसनिंग पोस्ट’ या अमेरिकन मांडणशिल्पाकडे जातो. त्याचे कर्ते दोन: मार्क हॅन्सन हे बेल लॅब्ज या विख्यात प्रयोगशाळेत काम करणारे संख्याशास्त्रज्ञ, आणि बेन रुबिन हे न्यूयॉर्कचे ध्वनिकलावंत. बेल लॅब्ज त्या काळी ज्या ल्युसेंट कंपनीच्या छत्राखाली होती ती कंपनी आणि ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिक ही रंगभूमी व संगीत यांना वाहिलेली संस्था, या दोहोंनी मिळून शास्त्रज्ञ व कलावंत यांची गाठ घालून देण्याची तजवीज केली होती, तीतून या दोघांचा सहयोग सुरू झाला. आरंभीचा त्यांचा प्रयोग निराळाच होता: एखाद्या संकेतस्थळावर येणाऱ्याजाणाऱ्यांची जी वर्दळ चालते, तिला स्वरांचे रूप द्यावे, अशी ती कल्पना. स्वर निघाले, परंतु वर्दळीची मोजदाद कानाला कितीही मधुर लागली तरी अखेर ती मोजदादच, तीत माणूस ऐकू येईना. तेव्हा माणसे किती येतात हा हिशेब बाजूस ठेवून ती बोलतात काय, इकडे त्यांनी मोर्चा वळविला, आणि तेथून या कृतीचा खरा जन्म झाला. डिसेंबर 2002 ते मार्च 2003 या काळात न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ती मांडली गेली, आणि 2004 साली ऑस्ट्रियातील लिंझ येथे भरणाऱ्या आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सवाचा ‘गोल्डन निका’ हा सर्वोच्च सन्मान तिला मिळाला.

प्रेक्षक शिरतो तो एका अंधाऱ्या दालनात. समोर, वरून टांगलेली आणि किंचित कमानीसारखी वळलेली एक भव्य जाळी असते. तिच्यात आडव्या रांगा 11 आणि उभे स्तंभ 21, आणि प्रत्येक छेदबिंदूवर एक याप्रमाणे 231 लहानलहान पट्ट्या बसविलेल्या असतात. दुकानातल्या बिलाच्या यंत्रावर रकमेचे निळसर-हिरवे आकडे ज्या तंत्राने उजळत असत, त्याच तंत्राच्या या पट्ट्या होत. एका पट्टीवर मावून मावून किती मावणार, तर एखादे तुटके वाक्य. दृष्टीआडचे संगणक चॅटरूम, चर्चापीठे आणि सर्वांना खुल्या असलेल्या तत्सम जागा यांतून त्या त्या वेळचा ताजा मजकूर गोळा करीत असतात, आणि तो मजकूर या पट्ट्यांवर उमटतो, सरकतो, मावळतो. त्यांतील काही वाक्ये एक यांत्रिक आवाज वाचून दाखवितो, कधी भावनेचा लवलेश नसलेल्या एकाच पट्टीत, तर कधी संथ सुरावर आळवून. आणि भोवतीच्या ध्वनिक्षेपकांतून त्याला स्वरांची मंद साथ चाललेली असते.

हा सर्व प्रकार नाटकातील प्रवेशांप्रमाणे एकामागून एक येणाऱ्या खंडांत विभागलेला आहे, आणि प्रत्येक प्रवेशाचा निवडीचा कायदा स्वतंत्र आहे. एका प्रवेशात फक्त अशीच वाक्ये उचलली जातात की ज्यांचा आरंभ इंग्रजीतील ‘मी आहे’ या अर्थाच्या दोन शब्दांनी होतो. नियम म्हणाल तर शाळकरी पोराला समजेल इतका सोपा. परंतु त्याचा परिणाम पाहा. कोणी आपले वय सांगतो, कोणी गाव सांगतो, कोणी कंटाळलेला असतो, कोणी नुकताच कामावरून परतलेला असतो. आणि कोणी चारच शब्दांत असे काही सांगून जातो की ते समोर बसलेल्या मित्रापाशीही त्याच्या तोंडून निघाले नसते. आधी आखूड वाक्ये आणि मग क्रमाने लांब, अशी त्यांची रचना असल्यामुळे ओळख करून देण्यापासून कबुलीजबाबापर्यंतचा प्रवास प्रेक्षकाच्या कानांदेखत घडतो. ज्यांनी ही वाक्ये टंकली त्यांना एकमेकांचा पत्ता नसतो. त्यांच्या गप्पांचे विषय क्रीडेपासून राजकारणापर्यंत कोठलेही असू शकतात. तथापि एका व्याकरणाच्या दोरीत ओवली गेल्याबरोबर त्या सर्वांतून एकच मागणी ऐकू येऊ लागते, ती म्हणजे आपली कोणीतरी नोंद घ्यावी ही. दुसऱ्या एका प्रवेशात अर्थाकडे लक्षच द्यावयाचे नाही, केवळ नव्याने येणारा मजकूर जाळीवरून लाटेसारखा वाहू द्यावयाचा आणि त्याच्या टकटकीने दालन भरून काढावयाचे, अशी योजना आहे. वाक्य वाचता वाचता वाचणे सुटते आणि उरतो तो केवळ जनसमूहाच्या अस्तित्वाचा नाद.

येथे संख्याशास्त्रज्ञाचे श्रेय विसरून चालणार नाही. लक्षावधी तुकड्यांतून एकसारखे तुकडे शोधणे, या घटकेस कोणता विषय लोकांच्या बोलण्यात डोके वर काढीत आहे हे हुडकणे, ही कामे कोणत्याही मोठ्या पेढीच्या दफ्तरात चालणाऱ्या विश्लेषणाहून पद्धतीने भिन्न नाहीत. फरक हेतूचा आहे. पेढी सरासरी काढते, आणि सरासरीत माणूस नाहीसा होतो; हॅन्सन आणि रुबिन यांनी त्याच गणिताने माणसे एका ओळीत आणून उभी केली, पण प्रत्येकाचे वाक्य त्याच्या अशुद्ध लेखनासकट जसेच्या तसे ठेवले. पुढे 2007 साली न्यूयॉर्क टाइम्सच्या नव्या इमारतीच्या प्रवेशदालनात त्यांनी ‘मूव्हेबल टाइप’ हे 560 पट्ट्यांचे मांडणशिल्प उभारले, ते मात्र त्या वृत्तपत्राच्या 1851 पासूनच्या संग्रहावर आणि ताज्या मजकुरावर चालणारे. दोन्ही कृतींचे तंत्र एका घराण्याचे. परंतु संपादकाच्या लेखणीखालून गेलेली भाषा आणि रात्री दोन वाजता कोणीतरी घाईने टंकलेली भाषा यांची जातकुळी भिन्न, म्हणून दुसऱ्या कृतीत रेखीवपणा अधिक आणि पहिलीत धग अधिक.

बोलण्याच्या एका धाग्यावर नियम बांधण्याची ही रीत लवकरच इतरांनीही उचलली. जोनाथन हॅरिस आणि सेप कामवार यांनी 2006 साली ‘वी फील फाइन’ या प्रकल्पात, लोकांच्या ऑनलाइन रोजनिश्यांतून ‘मला वाटते’, ‘मला जाणवते’ अशा अर्थाची वाक्ये वेचून भावनांचा एक अखंड वाढता संग्रह तयार केला. आणि 2008 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील प्रदर्शनासाठी, जोडीदार शोधणाऱ्यांच्या संकेतस्थळांवरील मजकूर घेऊन एका उभ्या स्पर्शपटावर आकाशात तरंगणारे निळे व गुलाबी फुगे दाखविले, प्रत्येक फुग्यात एक व्यक्ती आणि तिची अपेक्षा. या मंडळींत जर्मन कलावंत युलिउस पॉप यांची ‘बिट.फॉल’ ही कृती निराळी उठून दिसते. वृत्तसंकेतस्थळांवर त्या वेळी वारंवार येणारे शब्द संगणक वेचतो, वर बसविलेल्या झडपांच्या रांगेला हुकूम देतो, आणि झडपांतून नेमक्या क्षणी सुटलेल्या थेंबांची अक्षरे बनून तो शब्द धबधब्यासारखा खाली येतो. वाचावयास क्षणभराचाच अवकाश; तेवढ्यात तो हौदात फुटून जातो आणि त्याच पाण्याचा पुढचा शब्द होतो. वृत्तांताचे आयुष्य किती, हे सांगण्यास याहून चोख साधन सापडणे कठीण आहे.

शब्दांप्रमाणे छायाचित्रांचेही झाले. अमेरिकन कलावती पेनेलोपी उंब्रिको यांनी जानेवारी 2006 मध्ये फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर सूर्यास्ताचा शोध घेतला, तेव्हा 5,41,795 छायाचित्रे निघाली. त्यांनी काही चित्रे घेऊन त्यांतला समुद्र, झाडे, डोंगर, माणसे सर्व काही कापून टाकले, केवळ सूर्याचे बिंब राखले, आणि चार इंच बाय सहा इंच या घरगुती छायाचित्राच्या मापात छापून ती बिंबे भिंतभर शेजारी शेजारी लावली. कृतीच्या नावातच तो आकडा आणि ती तारीख घातलेली असे. आणि मांडणी पुन्हा करावयाची वेळ आली की शोधही पुन्हा घ्यावयाचा, असा परिपाठ. सप्टेंबर 2007 मध्ये आकडा 23,03,057 झाला, एप्रिल 2009 मध्ये 53,77,183. ज्या दृश्यापुढे प्रत्येकाला आपण एकटेच धन्य झालो असे वाटते, ते दृश्य टिपणारे लक्षावधी लोक आपल्याआधी तेथे उभे राहून गेले आहेत, हे त्या भिंतीपुढे काही न सांगता कळते. त्याहून गमतीची गोष्ट पुढे घडली. प्रदर्शनास येणारे लोक त्या कृत्रिम सूर्यांपुढे उभे राहून, खऱ्या सूर्यास्तापुढे काढावे तसेच आपले फोटो काढू लागले आणि तेही इंटरनेटवर चढवू लागले. उंब्रिको यांनी 2011 साली ते फोटोच गोळा करून त्यांची स्वतंत्र कृती केली. लोकरुचीवर भाष्य करावयास निघालेल्या कलेला लोकरुचीने अशी आपल्या पंक्तीस बसवून घेतली.

नियमाची धार किती तीक्ष्ण असू शकते, हे नताली बुकचिन यांच्या 2009 सालच्या ‘मास ऑर्नमेंट’ या चित्रफीत-शिल्पात पाहावे. जर्मन विचारवंत झीगफ्रीड क्राकाउअर यांनी 1927 साली एका निबंधात, एका तालात पाय उचलणाऱ्या नर्तिकांच्या ताफ्यांत कारखान्याच्या यांत्रिक शिस्तीचे प्रतिबिंब पाहिले होते. त्या निबंधाचेच नाव बुकचिन यांनी घेतले. त्यांनी यूट्यूबवरून अशा चित्रफिती निवडल्या की ज्यांत माणसे आपापल्या खोलीत, कॅमेऱ्यापुढे एकटीच नाचत आहेत, आणि त्या आडव्या रांगेत अशा बसविल्या की एकाने हात उचलला की दुसऱ्या शहरातील दुसराही तोच हात उचलतो. पाठीमागे पलंग, अर्धवट उघडे कपाट, टेबलावरचा पसारा, भिंतीवरचा दूरदर्शन संच. पुढे तीच गिरकी, तोच कमरेचा झोक. पार्श्वसंगीत घेतले आहे ते 1935 सालच्या दोन चित्रपटांतून: एक हॉलिवूडचा झगमगीत नृत्यपट, दुसरा लेनी रीफेनस्टाल यांचा नाझी प्रचारपट. ताफ्यात नाचणाऱ्यांना निदान शेजारचे दिसत असत. येथे ताफा आहे, ताल आहे, हुकूम देणारा कोणी नाही, आणि तरीही प्रत्येक जण एकटा असूनसुद्धा रांगेत आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण म्हणून डच कलावंत एरिक केसल्स यांची कृती घ्यावी. नोव्हेंबर 2011 मध्ये अॅमस्टरडॅमच्या फोम या छायाचित्रसंग्रहालयात त्यांनी, एका दिवसाच्या अवधीत फ्लिकरवर चढविलेली छायाचित्रे लाखोंच्या संख्येने छापून खोल्यांतून ओतली. ढीग भिंतींना टेकून छताकडे चढले, आणि प्रेक्षक त्यांतून वाट काढीत हिंडले. प्रचंडतेचा अनुभव म्हणून तिला तोड नाही, आणि पडद्यावर ज्याचे वजन जाणवत नाही त्याचे वजन तिने दाखविले, हेही मान्य केले पाहिजे. परंतु प्रचंडता हाच तेथला आरंभ आणि तोच शेवट. ढिगातील कोणतेही चित्र उचलून त्याच्या जागी दुसरे ठेवले तरी कृतीत तिळमात्र फरक पडत नाही. त्यामुळे एक दिवस हा नियम काळाची मर्यादा तेवढी घालतो, माणसांविषयी काही बोलत नाही.

जे मागे पडले त्याची विचारपूस करणाऱ्या कृतींचे मोल याहून अधिक वाटते. जिओसिटीज ही सेवा 1990 नंतरच्या दशकात सामान्य माणसाला फुकटात स्वतःचे पान उभारू देत असे. याहू कंपनीने ती 1999 साली विकत घेतली आणि 26 ऑक्टोबर 2009 रोजी बंद केली. त्या दिवसापूर्वी आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने जमेल तेवढी पाने उतरवून घेतली, आणि त्या संग्रहावर ओल्या लिआलिना व ड्रागान एस्पेनशीड या कलावंत जोडप्याने ‘वन टेराबाइट ऑफ किलोबाइट एज’ हे काम उभारले. त्या काळच्या संगणकावर ती पाने जशी दिसत तशीच ती पुन्हा दाखवावयाची, हा त्यांचा कटाक्ष. 2013 साली लंडनच्या फोटोग्राफर्स गॅलरीत भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ती एकामागून एक सरकत असत. काळ्या पार्श्वभूमीवर लुकलुकणारे तारे, काम चालू असल्याच्या पाट्या, आवडत्या मांजराचे चित्र, आल्यागेल्यांची गणती करणारा आकडा: ज्यांना सुशिक्षित अभिरुची गावंढळ ठरवून मोकळी झाली होती, त्या गोष्टींकडे लिआलिना लोककलेच्या अभ्यासकाच्या आस्थेने पाहतात, आणि ते रास्तच आहे.

या प्रवाहाशी मुंबईचाही संबंध आहे. सर ज. जी. कलामहाविद्यालयात शिल्पकलेचे शिक्षण घेतलेल्या शिल्पा गुप्ता यांनी लंडनच्या टेट या संस्थेच्या निमंत्रणावरून 2003 साली इंटरनेटसाठीच ‘ब्लेस्ड बँडविड्थ’ ही कृती रचली. त्यासाठी त्यांनी संगणकाच्या जोडणीची तार निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळी नेऊन तिच्यासाठी आशीर्वाद घेतला. मग भक्ताने आपल्या धर्माप्रमाणे निवड करून घरबसल्या आशीर्वाद पदरात पाडून घ्यावा, अशी संकेतस्थळावर सोय. नवी मोटार घेतली की नारळ फोडणाऱ्या समाजाला ही थट्टा परकी वाटण्याचे कारण नाही. परंतु तीत डंख आहे. पुण्य तारेतून वाहू शकते असे एकदा मानले की मग धर्म, बाजार आणि यंत्र यांच्या सरहद्दी कोठे आखावयाच्या, हा प्रश्न ती हसत हसत समोर टाकते. वर वर्णिलेल्या पाश्चात्त्य कृती लोक काय टंकतात हे ऐकतात. गुप्ता ज्या तारेतून ते येते त्या तारेलाच देव्हाऱ्यात नेतात.

या सर्व प्रकारावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला संमतीचा. ज्यांची वाक्ये, खोल्या आणि नाच संग्रहालयात मांडले गेले त्यांना कोणी विचारले नव्हते; मजकूर सर्वांस खुला होता एवढ्याने हरकत मिटत नाही, कारण चारचौघांत बोलणे निराळे आणि ते बोलणे नगाऱ्यावर ऐकविणे निराळे. ‘लिसनिंग पोस्ट’ने वाक्य घेतले आणि बोलणारा निनावी ठेवला, उंब्रिको यांनी चित्रातून माणूसच कापला; बुकचिन यांच्या कृतीत मात्र चेहरे उघडे आहेत, आणि तिची तेवढी बाजू लंगडी राहते. दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. अशा कृतीला रोज नवा मजकूर लागतो, आणि तो पुरविणारे झरे कंपन्यांच्या मर्जीवर वाहतात. याहूने आपल्या सार्वजनिक चॅटरूम डिसेंबर 2012 मध्ये बंद केल्या, आणि लोकांच्या गप्पा हळूहळू अशा बंद दालनांत गेल्या की जेथे मालकाच्या परवान्याविना कलावंताला प्रवेश नाही. ‘लिसनिंग पोस्ट’ लंडनच्या सायन्स म्युझियमने आणि कॅलिफोर्नियातील सान होझे कलासंग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतले आहे. परंतु पट्ट्या जपून ठेवता येतात, 2002 सालचे मोकळे बोलणे जपून ठेवता येत नाही. तेव्हा जुना मजकूर वाजवून दाखवावा की आजचा शोधून जोडावा, हा पेच अशा कृती सांभाळणाऱ्यांना चुकत नाही.

या प्रकारच्या कलेचा पसारा पुढे वाढणारच आहे, आणि झगमगाट वाढणे तर त्याहून सोपे आहे. सबब वाचकाने अशा एखाद्या दालनात पाऊल टाकले तर पडद्यांची संख्या पाहून दिपून जाऊ नये. हजारोंतून हीच माणसे का निवडली, याचे उत्तर एका वाक्यात देता येते काय, हे त्याने आधी पाहावे. आणि ते देता येत असेल तर मग, त्या वाक्यात आपणही बसतो काय, हे पाहावे. पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती केवळ आरास समजावी, आणि पुढच्या दालनाकडे वळावे.